लाल पाटी

चार हजार पुन्हा गप्प होता.

नवनाथ आडकेने हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबला आणि बटण परत दाबलं. पडद्यावर हिरवा ठिपका लागला, विझला. कानात काहीच नाही. त्याने एक हजार लावला. आवाज आला, स्वच्छ. दोन हजारही आला. तीन हजार रस्त्याच्या पलीकडून आल्यासारखा वाटला. चार हजार नाही. सहा हजार नाही. आठ हजारला काहीतरी असल्याचा भास झाला, पण शपथेवर सांगता आलं नसतं.

हे आकडे आवाजाच्या पट्टीचे. आकडा जेवढा मोठा, तेवढा आवाज बारीक. अडीचशेला जात्याची घरघर, चार हजारला रातकिड्याची किरकिर. ऐकू येतं की नाही हे तपासताना या साऱ्या पायऱ्या माणसाला एकेक करून ऐकवतात. त्या ऐकवणारी पेटी नवनाथसमोर टेबलावर होती, आणि पेटीच्या मुठीला सुतळीने बांधलेली लाल पत्र्याची पाटी लोंबत होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं : काम चालू, हात लावू नये.

दार उघडून कुलथे आत आले. इंदिरानगरमधलं हे धर्मादाय कर्णतपासणी केंद्र तेच चालवत. आवाज शिरू नये म्हणून या खोलीच्या भिंतींना जाड अस्तर होतं, त्यामुळे इथे सगळेच जरा हळू बोलत. नवनाथ सोडून.

"काय म्हणतंय यंत्र?"

"बोलतंय सर. पण अर्धवट बोलतंय."

"अहो हळू. मी इथेच आहे." कुलथ्यांनी खुर्ची ओढली. "आज मंगळवार. शनिवारी सुरगाण्याच्या आश्रमशाळेत तपासणी. शुक्रवारी दुपारी एकपर्यंत मला तिथे कळवायला हवं, जीप येतेय की नाही ते. एक्केचाळीस पोरं आहेत. यंत्र नसेल तर जाऊन काय करणार, टाळ्या वाजवून बघणार?"

"तारीख पुढे नाही जाणार?"

"पुढे परीक्षा, मग सुट्टी. पोरं आईबापांबरोबर गावाला, नाहीतर कामाला. मग थेट जून." ते पेटीकडे बघत म्हणाले, "बाहेरचा कोणी बोलावू का? तुम्हाला राग नाही ना?"

"शुक्रवारपर्यंत थांबा सर," नवनाथ म्हणाला.

राग आला नव्हता असं नाही. बावन्न वर्षांचा नवनाथ चोवीस वर्षं अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात होता, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, माणसं इथेच राहिली. केंद्रात त्याला घेतलं ते इन्व्हर्टर, पंखे, पाण्याची मोटर बघायला. पण घरी बसलेल्या आठ महिन्यांत त्याने एक भलतंच काम अंगावर घेतलं होतं. यापुढे प्रत्येक यंत्रात संगणक असणार, तर तो मुळातून शिकायचा असं ठरवून त्याने कर्नेलचा अभ्यास सुरू केला. कर्नेल म्हणजे संगणकाच्या कारभारातला सगळ्यात तळाचा भाग, जो कधी समोर दिसत नाही. नवनाथ त्याला टाइम ऑफिस म्हणायचा. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कोणतं मशीन द्यायचं, कोणी किती वेळ थांबायचं, सगळं तिथे ठरतं. इंटरनेटवरची पानं झेरॉक्सच्या दुकानातून छापून, स्पायरल घालून त्याने चार जाड वह्या केल्या होत्या. रोज सकाळी साडेपाच ते सात तो त्या वाचायचा. शब्द अडला की डिक्शनरी, डोकं अडलं की चहा.

केंद्राचा जुना संगणक जानेवारीत जळाला. त्या जागी एका देणगीदाराने वापरलेला संगणक दिला, त्यावर लिनक्स होतं, जुन्या संगणकापेक्षा वेगळी प्रणाली. पेटी जोडली तर संगणक तिला ओळखेना. पेटी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. त्या दिवशी कुलथ्यांनी हात टेकले, आणि नवनाथने कारखान्यातून आणलेली लाल पाटी पेटीला बांधली.

त्या पाटीचा नियम सगळ्या देखभालवाल्यांना ठाऊक असतो. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. तोवर त्या यंत्राला साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. नवनाथच्या शॉपमध्ये एका फोरमनने घाईत दुसऱ्याची पाटी काढून प्रेस चालू केला होता आणि आत असलेल्या माणसाची तीन बोटं गेली होती. तेव्हापासून हा नियम नवनाथच्या दृष्टीने नियम राहिला नव्हता. तो भाग झाला होता अंगाचा.

पेटी संगणकाशी बोलती करायला त्याला तीन आठवडे लागले. दोष सापडला तेव्हा हसू आलं. पेटीच्या आत एक साधी चिप होती, तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून होता. ड्रायव्हर म्हणजे त्या एका यंत्राची भाषा येणारा दुभाषा. पण कंपनीने चिपवर स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक घातला होता आणि तो क्रमांक ड्रायव्हरच्या यादीत नव्हता. माणूस गेटवर उभा, काम करायला तयार, नुसतं यादीत नाव नाही. नवनाथने यादीत एक ओळ वाढवली, ड्रायव्हर पुन्हा बांधला, पेटी जोडली. कर्नेलच्या नोंदींमध्ये तिचं नाव उमटलं. त्याने ती नोंद छापून वहीत चिकटवली.

आणि मग चार हजार गप्प निघाला.

*

बुधवारी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिसरी वही उघडून बसला होता. त्याची बायको छाया आंघोळीहून आली आणि तिने आधी गॅस बंद केला.

"तीन शिट्ट्यांवर बंद करा म्हटलं होतं ना?"

"झाल्या?"

"सहा झाल्या. मी बाथरूममध्ये मोजल्या, तुम्ही कुकरच्या शेजारी बसून नाही मोजल्या." तिने झाकणाकडे बघितलं. "डाळीचं पिठलं झालं असेल."

"अगं वाचत होतो."

"वाचायला डोळे लागतात. कान रिकामेच होते की."

नवनाथने वहीचं पान उलटलं. हे बोलणं दर दोन-चार दिवसांनी व्हायचं, कधी कुकरवरून, कधी दारावरच्या चिमणीसारख्या वाजणाऱ्या बेलवरून. दोघांनाही ते पाठ होतं.

त्या दिवशी त्याने ड्रायव्हरमध्ये सात ओळी घातल्या. पेटीकडे जाणारी प्रत्येक आज्ञा आणि पेटीकडून आलेलं प्रत्येक उत्तर नोंदवलं जाईल, अशी व्यवस्था केली. मग एकेक पट्टी लावून नोंदी वाचल्या. एक हजारची आज्ञा गेली, पेटीने पोच दिली. चार हजारची आज्ञा गेली, पेटीने पोच दिली. कंपनीच्या फाटक्या माहितीपुस्तिकेशी एकेक आकडा ताडून पाहिला. सगळे जुळले. त्याने मीटर लावला, पण तपासणीच्या आवाजाचा व्होल्टेज इतका बारीक, की मीटरचा आकडा हलेना. असला बारीक व्होल्टेज पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप कारखान्याबरोबर गेला होता. आवाजाची पातळी ऐंशी डेसिबलपर्यंत चढवली की मात्र चार हजार ऐकू यायचा. म्हणजे हेडफोन शाबूत, पेटी शाबूत. हळू वाजवायला सांगितलं की बारीक आवाज कुठेतरी गळतो. कुठे, तेवढंच सापडत नव्हतं.

गुरुवारी त्याने पुस्तिकेवरच शंका घेतली. दुपारी स्वतःच्या ओळीवर. संध्याकाळी कर्नेलची आधीची आवृत्ती टाकून पाहिली. चार हजार गप्प.

त्याची बिघाड वही टेबलावर होती. कारखान्यात रोज भरायचे तसे चार रकाने त्याने इथेही आखले होते : तक्रार, कारण, उपाय, सही. तक्रारीखाली लिहिलं होतं, बारीक पट्ट्या कमी पातळीवर वाजत नाहीत. कारणाचा रकाना तीन दिवस कोरा होता. चोवीस वर्षांत त्याने तो इतके दिवस कोरा ठेवला नव्हता. लोक म्हणायचे, आडके मशीनला हात लावायच्या आधी दोष सांगतो. ते खरं होतं. तो मशीनशेजारी डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, डावीकडचं बेअरिंग, दोन दिवस काढेल.

*

शुक्रवारी सकाळी इन्शा आली. ती केंद्राची ऑडिओलॉजिस्ट, कान तपासणारी. मंगळवारपासून पेठ तालुक्यातल्या शाळांमधून फिरत होती, यंत्राऐवजी खुळखुळा आणि घंटी घेऊन. सत्तावीस वर्षांची, भद्रकालीतली. आल्या आल्या तिने डबा ठेवला आणि पेटीकडे बघितलं.

"पाटी अजून आहे, काका?"

"आहे मॅडम."

"मग मी लांबच बरी," ती हसून म्हणाली. "पण खरं सांगू, शनिवार हुकला तर मला वाईट वाटेल. तिथे एक दिशा नावाची पोरगी आहे, नऊ वर्षांची. मागच्या वेळी बघितली होती, तेव्हा यंत्रच नव्हतं बरोबर. वर्गात मागे बसवतात. म्हणतात डोक्याने कमी आहे. मला नाही तसं वाटत. ती माझ्या ओठांकडे बघून उत्तर देते."

"एक वाजेपर्यंत वेळ आहे."

"चालू द्या तुमचं. मी कार्डं लिहिते."

ती कोपऱ्यात बसून नावांची कार्डं लिहू लागली. साडेअकरा झाले. बारा झाले. कुलथे दोनदा काचेतून डोकावून गेले. नवनाथने पातळी चाळीस केली, काही नाही. पन्नास, काही नाही. साठ. पासष्टला त्याने आवाज सलग चालू ठेवून पाहिला, तरी नाही. शेवटी त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

"नाही होत," तो म्हणाला. "सरांना सांगतो, जीप रद्द करा."

इन्शाने मान वर केली. "काका, ते बंद करता का आधी?"

"काय?"

"आवाज चालूच राहिलाय. बारीक, पण लागतो कानाला."

नवनाथने पडद्याकडे पाहिलं. हिरवा ठिपका लागलेला होता. चार हजार, पासष्ट.

"तुम्हाला येतोय?"

"हो. हेडफोनमधून."

"तिथे बसून?"

इन्शाने पेन खाली ठेवलं. ती उत्तर द्यायच्या आधीच नवनाथने आवाज बंद केला.

"आता?"

"बंद झाला."

"आता?"

"चालू."

तो तसाच बसून राहिला. मग उठला, पेटीच्या मुठीची सुतळी सोडवली, लाल पाटी काढली आणि खिशात ठेवली.

"तुम्ही घाला."

इन्शाने हेडफोन घातला. पाठ करून बसली, तपासणीला आलेली माणसं बसतात तशी. नवनाथने चार हजार लावला, पातळी चाळीस. तिचं बोट वर झालं. तीस. बोट वर. वीस, दहा. दर वेळी बोट वर झालं, आणि ठिपका विझताच खाली आलं. सहा हजार. आठ हजार. त्याने दोनदा मुद्दाम काहीच न लावता वेळ घालवला. बोट हललं नाही.

तिने हेडफोन काढला. "ड्रायव्हर बरोबर आहे, काका."

"कधीपासून?"

"तुम्ही बरोबर केलात तेव्हापासून."

कुलथे काचेबाहेर उभे होते. इन्शाने त्यांना हाताने खूण केली, जीप जाणार. ते लगेच फोन लावायला वळले. साडेबारा झाले होते.

"कंपनीत कुठे होता तुम्ही?" तिने विचारलं.

"प्रेस शॉप."

"कानात घालायला देत होते ना काही?"

"द्यायचे. रबरी बोळे. मीच काढून ठेवायचो." तो म्हणाला. "बेअरिंग जायच्या आधी बोलतं, मॅडम. कान बंद करून कसं कळणार?"

"बाकीचे घालायचे?"

"हो. त्यांना मी ओरडायचो, घाला म्हणून."

इन्शाने हेडफोन हातात घेतला. "आम्हीपण रोज सकाळी यंत्र आधी स्वतःच्याच कानावर लावून बघतो," ती म्हणाली. "तुमची पद्धत चुकली नाही. फक्त आमचे कान कधीतरी दुसऱ्याने तपासलेले असतात." मग खुर्चीकडे हात करून म्हणाली, "बसा."

"आत्ता?"

"आत्ताच. नव्या संगणकावर पहिलं नाव कोणाचं तरी घालायचंच आहे."

वीस मिनिटं तो पाठ करून बसला. ऐकू आलं की बोट वर करत होता. मधे बराच वेळ बोट मांडीवरच राहिलं. त्या वेळात आपल्यामागे आवाज वाजत असणार, हे त्याला कळत होतं.

इन्शाने कागद छापून त्याच्या हातात दिला. दोन रेघा डावीकडून जवळजवळ सरळ येत होत्या आणि चार हजारजवळ विहिरीत उतरल्यासारख्या खाली गेल्या होत्या. पुढे जराशा वर आल्या होत्या.

"उजव्या कानाला सत्तरवर ऐकू येतं, डाव्याला पंचाहत्तरवर," ती म्हणाली. "गोंगाटात काम केलेल्या माणसाचा आलेख असाच निघतो. माणूस न बघता, नुसत्या रेघांवरून सांगितलं असतं, कोणत्या शॉपचा आहे ते."

"परत येतं का?"

"नाही. गेलेलं येत नाही. उरलेलं सांभाळायचं. मशीनचं बोलू, श्रवणयंत्राचं, पण सोमवारी. आज नको."

नवनाथने कागदाची घडी केली, वही ओढली. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं : यंत्रात व ड्रायव्हरमध्ये दोष नाही. तपासणाऱ्याचे कान. उपायाच्या रकान्यात पेन टेकवून थोडा थांबला, आणि तिथे रेघ मारून सही केली. मग ड्रायव्हरमधल्या त्या सात ओळी काढून टाकल्या. यादीतली एक ओळ राहू दिली.

संध्याकाळी घरी छाया भाजी निवडत होती. त्याने घडी उलगडून कागद तिच्यासमोर ठेवला आणि खाली गेलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"तुझ्या कुकरची शिट्टी इथे कुठेतरी आहे."

तिने कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तो सांगत होता ते सगळं ऐकून घेतलं. मेथीची जुडी तशीच मांडीवर होती.

"मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता," ती म्हणाली.

"कधीपासून वाटायचं?"

"आठ-दहा वर्षं झाली असतील." थोड्या वेळाने ती म्हणाली, "बेल बदलून घेऊ. जाड आवाजाची."

*

शनिवारी सुरगाण्याच्या आश्रमशाळेत त्यांना धान्याच्या कोठीशेजारची खोली मिळाली, सगळ्यात शांत म्हणून. नवनाथने पेटी मांडली, संगणक जोडला. कर्नेलने पेटीचं नाव नोंदवलं. इन्शाने हेडफोन घालून पट्ट्या तपासल्या आणि मान हलवली.

लहान मुलांना बोट वर करायला सांगितलं तर ती गंमत म्हणून कधीही करतात. म्हणून इन्शा त्यांच्या हातात चिंचोका द्यायची आणि पुढे पत्र्याचा डबा ठेवायची. आवाज आला की चिंचोका डब्यात टाकायचा. खेळ लगेच समजायचा. अकरा वाजेपर्यंत चौदा मुलं झाली.

पंधराव्या नंबरला शाळेत वरकाम करणाऱ्या कामाठी रंगूबाई दिशाला हाताला धरून घेऊन आल्या.

"हिला लय हाका मारल्या तरी वळत नाय," त्या म्हणाल्या. "जेवायला बोलवायची तं हातच धरावा लागतो. सर म्हणतात, ध्यान नाय हिचं."

"बघू ना," इन्शा म्हणाली.

दिशा बसली. हेडफोन तिला मोठा होत होता, इन्शाने मागून चिमटा लावला. नवनाथ समोर संगणकावर होता. इन्शा पट्टी आणि पातळी बोटांनी खुणावत होती, तो बटण दाबत होता. पाचशेला चिंचोका पडला. एक हजारला पातळी चढवल्यावर पडला. मुलगी चिंचोका कानाजवळ धरून थांबायची आणि नवनाथच्या चेहऱ्याकडे एकटक बघायची.

"काका, मान खाली घाला," इन्शा म्हणाली. "ती तुमच्या तोंडावरून ओळखेल."

"माझ्या तोंडावर काय दिसणार? मलाच येत नाही."

"तरी घाला."

रंगूबाई पदरात हसल्या. नवनाथने मान खाली घातली.

चार हजार. चाळीस. त्याने बटण दाबलं. ठिपका लागला, विझला. चिंचोका मुलीच्या हातातच होता. पन्नास. साठ. खोलीत कोठीतल्या नागलीचा वास होता. बाहेर मुलं खेळत असावीत, खिडकीतून त्यांचे हलणारे हात दिसत होते. सत्तर. त्याने बटण दाबून धरलं आणि पत्र्याच्या डब्याकडे बघत राहिला. पंचाहत्तर.

चिंचोका डब्यात पडला. तो आवाज जाड होता, नवनाथला नीट ऐकू आला.

इन्शाने कार्डावर खूण केली. नवनाथने पुढची पट्टी लावली.